युरोपातल्या ऐतिहासिक हॉटेलात मुक्काम: गोष्ट तपासा, खोली निवडा, मग पैसे भरा

युरोपच्या सहलीत हॉटेल म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा, एवढाच आपला हिशेब असतो. दिवसभर राजवाडे, चर्चं, संग्रहालयं पाहायची आणि झोपायला शहराबाहेर, हायवेलगतच्या एखाद्या चौकोनी इमारतीत जायचं. त्याच सहलीत एक-दोन रात्री मात्र अशा काढता येतात, की लोक ज्या वास्तूचा बाहेरून फोटो काढून पुढे जातात, तिच्यातच आपली बॅग उघडलेली असते. यात्रेकरूंसाठी बांधलेलं जुनं इस्पितळ, डोंगरमाथ्यावरचा किल्ला, आल्प्समधलं दीडशे वर्षांचं हॉटेल, असं काहीही. हे फार श्रीमंतांनी करायचं काम आहे, असा समज आहे. माझ्या मते लोकांचे पैसे कमी पडत नाहीत, निवड चुकते. ‘ऐतिहासिक’ ही पाटी कुणालाही लावता येते. म्हणून नाव पाहून बुकिंग करू नका. इमारत कुठली, तिचा कुठला भाग जुना आणि आपल्याला मिळणारी खोली त्याच भागात आहे का, हे विचारूनच पैसे भरा.

पायरी १: कुठला भूतकाळ हवाय ते ठरवा

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या आणि नंतर हॉटेल झालेल्या वास्तू: किल्ले, मठ, इस्पितळं. स्पेन आणि पोर्तुगाल यात आघाडीवर आहेत. दुसरा, हॉटेल म्हणूनच बांधलेल्या इमारती. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि आगबोटी आल्या, पर्यटक वाढले आणि तळ्याकाठी, स्टेशनाजवळ, डोंगरावर मोठमोठी हॉटेलं उभी राहिली. स्वित्झर्लंड, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन इथे ती भेटतात. तिसरा प्रकार घटनांचा. जिनिव्हातल्या बो-रिव्हाज हॉटेलातून १० सप्टेंबर १८९८ ला ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ बोट पकडायला निघाली, तळ्याकाठी तिच्यावर हल्ला झाला आणि तिला परत याच हॉटेलात आणल्यावर तिचा मृत्यू झाला. बेलफास्टचं युरोपा हॉटेल तर १९७१ चं. वय फार नाही, पण उत्तर आयर्लंडच्या संघर्षात त्यावर ३० हून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले आणि जगभरचे पत्रकार तिथेच राहून बातम्या पाठवत होते.

कुटुंबात आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर पहिला प्रकार विचारपूर्वक घ्या. किल्ल्यात पायऱ्या असतात. दुसऱ्या प्रकारात लिफ्ट, रेल्वे स्टेशन आणि जेवणाची सोय बहुधा बरी असते.

पायरी २: गोष्ट खरी आहे का, ते तपासा

बर्लिनचं आडलॉन पाहा. ब्रांडेनबुर्ग दरवाज्याशेजारी १९०७ मध्ये उघडलेलं, सम्राटाच्या पाहुण्यांचं हॉटेल. मे १९४५ मध्ये युद्ध संपता संपता ते जळालं. उरलेला भाग पूर्व जर्मनीच्या काळात काही वर्षं वापरात होता, १९८४ मध्ये तोही पाडला. आजचं आडलॉन १९९७ चं आहे. जागा तीच, नाव तेच, भिंती नव्या. म्हणून ते वाईट हॉटेल ठरत नाही; पण १९०७ च्या जिन्यावरून चढायच्या आशेने कुणी पैसे भरणार असेल, तर त्याला हे आधी माहीत हवं.

इस्तंबूलच्या युरोपीय भागातलं पेरा पॅलेस याच्या उलट. ओरिएंट एक्स्प्रेसने येणाऱ्या प्रवाशांसाठी १८९२ मध्ये बांधलेली मूळ इमारत उभी आहे, जुनी लोखंडी लिफ्टही आहे. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क जिथे उतरत, ती १०१ क्रमांकाची खोली संग्रहालय म्हणून जपली आहे. तिथे एका भारतीय महाराजाने भेट दिलेला रेशमी गालिचा दाखवतात. त्यावर विणलेलं घड्याळ अतातुर्क यांच्या मृत्यूच्या वेळेच्या अगदी जवळची वेळ दाखवतं, असं सांगतात. अतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ ला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी गेले. गालिचा पाहण्याजोगा आहे, भाकिताची कथा दंतकथा म्हणूनच ऐकावी. ४११ क्रमांकाची खोली अगाथा ख्रिस्तीच्या नावाने ओळखली जाते. तिथे तिने नेमकं काय लिहिलं, याबद्दलचे दावे मात्र पुराव्यापेक्षा मोठे आहेत. एकाच हॉटेलात पक्का इतिहास, शक्यता आणि आख्यायिका असे तिन्ही थर सापडतात. ते वेगळे ओळखता आले की मुक्कामाची मजा वाढते.

तपासायचं कसं? हॉटेलच्या वेबसाइटवरचं इतिहासाचं पान उघडा आणि तीन गोष्टी शोधा: इमारत बांधल्याचं साल, मधे आग किंवा युद्ध झालं का, आणि शेवटच्या नूतनीकरणात काय बदललं. सालांमधल्या उड्यांकडे लक्ष द्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या एखाद्या हॉटेलचा इतिहास १९३० च्या दशकावरून थेट १९५० वर येत असेल, तर मधल्या वर्षांबद्दल दुसरीकडे वाचा. पॅरिसच्या लुतेसिया हॉटेलची ती वर्षं फार महत्त्वाची आहेत. १९१० चं हे हॉटेल जर्मन ताब्याच्या काळात त्यांच्या लष्करी हेरखात्याने घेतलं होतं, आणि १९४५ मध्ये तिथेच छळछावण्यांतून परतणाऱ्या माणसांसाठी केंद्र उघडलं. बेपत्ता माणसांचे फोटो घेऊन नातेवाईक रोज तिथे येत. भिंतीवर त्याची पाटी आहे. हे ठाऊक नसताना तिथे राहणं म्हणजे निम्मंच हॉटेल पाहणं.

पायरी ३: स्पेनपासून सुरुवात करा

पहिल्यांदाच हा प्रयोग करणाऱ्याला मी स्पेनचे पाराडोर सुचवेन. ही सरकारी मालकीची हॉटेलसाखळी आहे. पहिलं पाराडोर ग्रेदोस पर्वतात १९२८ मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो याच्या हस्ते सुरू झालं. ओस पडलेले किल्ले आणि मठ दुरुस्त करायचे, तिथे हॉटेल चालवायचं आणि पर्यटक कमी जातात अशा गावांत माणसं न्यायची, हा त्यामागचा विचार. आज देशभर सुमारे शंभर पाराडोर आहेत. आडगावातल्या किल्ल्याचा दर आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दीचा हंगाम सोडून, मोठ्या शहरातल्या साध्या हॉटेलच्या जवळपास येऊ शकतो.

पण प्रत्येक पाराडोर जुनं नसतं. तोलेदोचं नदीपलीकडच्या टेकडीवर आहे, तिथून शहर फार सुंदर दिसतं, मात्र इमारत विसाव्या शतकातली. सेगोव्हियाचं आधुनिक, कादिझचंही नव्याने बांधलेलं. सिग्वेन्झाचा किल्ला मध्ययुगीन खरा, पण स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) त्याची पार पडझड झाली होती आणि १९७० च्या दशकात तो पुन्हा उभा केला. म्हणून वेबसाइटवर फक्त नकाशा पाहून निवड करू नका, प्रत्येक ठिकाणाची माहिती उघडून वाचा.

यांपैकी तीन ठिकाणी मी आवर्जून थांबायला सांगेन.

सांतियागो दे कोम्पोस्तेला. कॅथेड्रलच्याच चौकात, इसाबेल आणि फर्नांदो या राजा-राणीने यात्रेकरूंसाठी बांधवलेलं इस्पितळ. शेकडो मैल चालून आलेली, पाय सुजलेली, तापाने फणफणलेली माणसं इथे आणली जात. काम १५०१ मध्ये सुरू झालं, वास्तुविशारद एन्रिके एगास. आत चार चौक आहेत आणि त्यांना चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे बायबलात येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांची, नावं दिली आहेत. १९५४ पासून हॉटेल. आजही काठी टेकत चौकात शिरणारे यात्रेकरू दिवसभर दिसतात. पंढरीच्या वाटेवर चाललेल्या कुणालाही त्या चौकातले चेहरे ओळखीचे वाटतील.

ग्रानादा. अल्हाम्ब्राच्या, म्हणजे नासरी या मुस्लिम घराण्याच्या किल्ले-राजवाड्यांच्या, तटबंदीच्या आत, जुन्या फ्रान्सिस्कन मठात. राणी इसाबेल १५०४ मध्ये गेली, फर्नांदो १५१६ मध्ये. दोघांनाही आधी इथेच पुरलं आणि १५२१ मध्ये शहरातल्या राजेशाही चॅपेलमध्ये हलवलं. ती जागा मठाच्या आवारात पाहता येते. हे पाराडोर महाग आहे, खोल्या थोड्या आहेत आणि काही महिने आधी प्रयत्न केला तरच मिळते. इथे राहिलात म्हणून अल्हाम्ब्राचं तिकीट मिळत नाही, हे नीट लक्षात ठेवा. ते वेगळं काढावं लागतं, त्यावर नाव असतं, नासरी राजवाड्यांसाठी ठरावीक वेळ असते आणि प्रवेशाला पासपोर्ट लागतो. आधी तिकिटाची तारीख पक्की करा, मग खोली. उलट क्रम केला तर इतक्या लांब येऊन मुख्य राजवाडेच राहून जातील.

लेऑन. सान मार्कोस मठाची कोरीव दर्शनी भिंत पाहायला लोक दुरून येतात. कवी केव्हेदो १६३९ ते १६४३ इथे कैदेत होता. यादवी युद्धात याच इमारतीत प्रजासत्ताकाच्या बाजूच्या कैद्यांची छावणी होती. इतक्या देखण्या भिंतीमागे असं काही घडलं, हे समजून तिथे झोपणं प्रत्येकाला जमेल असं नाही. मला मात्र वाटतं, अशा वास्तूत राहायचं तर सगळा इतिहास सोबत घेऊनच राहावं.

बुकिंगपूर्वी पाराडोरच्या मोफत सदस्यत्वासाठी नाव नोंदवा. गुण जमा होतात, सवलती बदलत असतात. पोर्तुगालमध्ये अशीच पोसादांची साखळी १९४२ पासून आहे. ओबिदोसचा किल्ला आणि गिमारँइसजवळचा मठ या तिच्यातल्या चांगल्या जागा. २००३ पासून तिचं व्यवस्थापन खासगी समूहाकडे आहे.

पायरी ४: स्वित्झर्लंडला जाताय, तर तळ्यापलीकडे पाहा

इंटरलाकेनला दर उन्हाळ्यात मराठी सहलींची रीघ लागते. तिथून ब्रिएन्झ तळ्यातल्या बोटीने सुमारे तासाभरात गीसबाखच्या धक्क्यावर उतरता येतं. तिथे १८७९ ची डोंगरगाडी उभी असते आणि ती थेट १८७५ च्या ग्रँडहोटेल गीसबाखपाशी नेते. मागे धबधबा टप्प्याटप्प्याने तळ्याकडे कोसळतो. हे हॉटेल १९७९ मध्ये बंद पडलं होतं, पाडून नवं काही बांधायचं घाटत होतं. पर्यावरणवादी फ्रान्झ वेबर यांनी सामान्य लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १९८० च्या दशकात ते वाचवलं. लोकांच्या पैशाने वाचलेली वास्तू म्हणून मला ते इतर दहा आलिशान हॉटेलांपेक्षा जवळचं वाटतं.

दुसरी जागा युंगफ्राउयोखच्या वाटेवर, क्लाइन शायडेगला. आपले लोक तिथे गाडी बदलतात आणि वर जातात. समोरच बेलव्ह्यू देझ आल्प हे जुनं हॉटेल आहे. समोरच्या आयगर शिखराच्या उत्तर कड्यावर चढणाऱ्यांचे प्रयत्न, चार गिर्यारोहकांचा जीव घेणारा १९३६ चा प्रयत्न धरून, इथूनच दुर्बिणीने पाहिले गेले. शेवटची गाडी गेली की खिंडीत फक्त हॉटेलातली माणसं उरतात. दोन्ही हॉटेलं वर्षभर उघडी नसतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी त्यांच्या तारखा पाहा. आणखी नावं हवी असतील तर ‘स्विस हिस्टॉरिक हॉटेल्स’ या संस्थेची यादी चाळा. जुनेपण खरोखर जपलेली हॉटेलंच तिच्यात घेतात.

पायरी ५: हॉटेल नव्हे, खोली निवडा

सर्वांत जास्त निराशा इथे होते. फोटोत कोरीव छत असतं आणि आपल्याला मिळते १९६० साली मागे जोडलेल्या विंगमधली खोली. बुकिंग साइटवर ‘स्टँडर्ड डबल’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून बुकिंगआधी हॉटेलला थेट ईमेल करा. साधं इंग्रजी पुरतं, उत्तर बहुधा दोन-तीन दिवसांत येतं. हे विचारा:

- या दरातली खोली मूळ इमारतीत आहे की नंतरच्या भागात? मूळ भागातली हवी असेल तर किती जास्त?
- लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, की पुढे पायऱ्या आहेत?
- एसी आहे का? संरक्षित इमारतींवर बाहेरची युनिटं बसवायला अनेकदा परवानगी मिळत नाही, आणि दक्षिण स्पेनमधला जुलै विदर्भातल्या मे महिन्याइतका तापतो.
- खिडकी कुठे उघडते? कॅथेड्रलसमोर असेल तर घंटा रात्रीही वाजतात का?
- अंघोळीला शॉवर आहे की फक्त टब? वयस्कर माणसाला उंच काठाचा टब अवघड जातो.
- तिसऱ्या माणसासाठी जादा पलंग मावतो का? जुन्या खोल्यांची मापं एकसारखी नसतात.

हनिमून, लग्नाचा वाढदिवस, आई-वडिलांचा पहिला परदेश प्रवास, असं काही निमित्त असेल तर तेही लिहा. खोल्या एकाच दरात वेगवेगळ्या असल्या की चांगली कुणाला द्यायची, हे अखेर रिसेप्शनवरची माणसं ठरवतात.

पायरी ६: बुकिंग, व्हिसा, पैसे

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जाला मुक्कामाचा पुरावा जोडायचा असतो, म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, दर थोडा जास्त असला तरी. सगळ्या प्रवाशांची नावं पासपोर्टप्रमाणे बुकिंगवर यायला हवीत. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे पेरा पॅलेससाठी त्यांचा व्हिसा वेगळा.

जुनी हॉटेलं वर्षानुवर्षं दुरुस्तीसाठी बंद राहतात. पॅरिसचं रिट्झ २०१२ ते २०१६ बंद होतं. बुडापेस्टचं १९१८ चं गेलर्ट २०२१ च्या अखेरीस नूतनीकरणासाठी बंद झालं. जुना प्रवासलेख वाचून बेत आखत असाल तर हॉटेल आज उघडं आहे का, हे पहिल्यांदा पाहा. उघडं असलं तरी एखाद्या बाजूला बांधकाम सुरू आहे का, हेही विचारा.

ऑनलाइन दिसणाऱ्या किमतीत शहराचा पर्यटक कर अनेकदा नसतो. इटलीत तो दर माणशी दर रात्री, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. ॲम्स्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या दराच्या १२.५ टक्के. चेक-इनच्या वेळी कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस लागतात, तेव्हा मर्यादा कमी असलेलं एकमेव कार्ड पुढे करू नका. मशीनने ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

सगळी सहल अशा हॉटेलांत करायची गरज नाही. सहा रात्री साध्या हॉटेलात आणि एक रात्र इथे, असं करा. ती रात्र सहलीच्या मधे ठेवा. पहिल्या दिवशी विमानाचा शीण असतो, शेवटच्या दिवशी बॅगा भरायच्या असतात. दुपारी चेक-इन सुरू होताच पोहोचा आणि दुसऱ्या दिवशी चेक-आउटपर्यंत हलू नका. रात्री नऊला येऊन सकाळी सातला निघायचं असेल तर हे पैसे वाचवलेलेच बरे.

एक रात्रही परवडत नसेल तर आत जाऊन कॉफी प्या. पाराडोरची उपाहारगृहं बाहेरच्यांनाही खुली असतात. व्हिएन्नात १८७६ चं ‘साखर’ (Sacher) नावाचं हॉटेल आहे. तिथल्या कॅफेत बसून त्यांचा प्रसिद्ध चॉकलेट केक खाता येतो, त्यासाठी खोली घ्यावी लागत नाही.

पायरी ७: प्रत्यक्ष राहताना

खोलीत उदबत्ती, निरांजन, कापूर काही लावू नका. छतं लाकडी, धूरशोधक संवेदनशील. गजर झाला तर सगळं हॉटेल बाहेर येतं. पाणी गरम करायची कॉइलही नेऊ नका. ब्रिटन सोडून उरलेल्या युरोपातल्या हॉटेलांत किटली असतेच असं नाही, मागितली तर अनेकदा आणून देतात. युरोपचा दोन गोल पिनांचा ॲडॉप्टर वेगळा, ब्रिटनचा वेगळा. इटलीत शौचालयाशेजारी बिडे (धुण्यासाठीचं बसकं बेसिन) असतो. इतरत्र एक हलका मग सोबत ठेवा.

शाकाहारींनी स्पेनमध्ये नुसतं ‘मांस नको’ म्हणून थांबू नये. हॅम हा तिथे बऱ्याच जणांच्या लेखी मांसात मोडत नाही आणि डाळींच्या आमटीतही सॉसेज पडतं. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असं तिन्ही म्हणा: मांस नको, हॅम नको, मासे नकोत. गार टोमॅटोचं गास्पाचो, भाज्यांचं पिस्तो, पालक-छोले हे पदार्थ भरवशाचे. तोर्तिया म्हणजे तिथे बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतं. पोर्तुगालच्या काल्दो व्हेर्दे या हिरव्या सूपवर सॉसेजची चकती असते, आधी सांगा. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी क्वचित मिळतं. मुलांसाठी खाऊ जवळ ठेवा, पण खोलीत फोडणीचा वास सुटेल असं काही करू नका.

पोहोचल्यावर रिसेप्शनवर विचारा: इमारत दाखवणारं कुणी आहे का, जुने नकाशे किंवा फोटो कुठे लावलेत, कुठली दालनं पाहुण्यांना खुली आहेत? गर्दी नसेल तर कर्मचारी उत्साहाने दाखवतात. पहाटे चौकांत फिरा, नाश्त्याला नंतर बसा.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्सला थांबले होते. ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच त्यांचं निधन झालं, वय अवघं विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्यांनी रचला तेच. फ्लॉरेन्समध्ये जुन्या पालाझ्झोत (हवेलीत) मुक्काम करणार असाल तर एक सकाळ या जागेसाठी ठेवा. सांता मारिया नोव्हेला स्टेशनाजवळून ट्रामने कासीने उद्यानाच्या थांब्यावर उतरा आणि नदीच्या कडेने पश्चिमेकडे उद्यानाच्या टोकापर्यंत चालत जा. तीनेक किलोमीटर सपाट, झाडांची वाट आहे. शेजारच्या पुलालाही स्थानिक लोक ‘इंदियानो’ म्हणतात, त्यामुळे रस्ता विचारताना एवढा एक शब्द पुरतो.